वाफेचं पाणी आणि नळाचं औषध

नळाला औषधाचा वास येतो, मग घरीच पाण्याची वाफ धरून ते प्यावं का, असा प्रश्न आपल्या बैठकांत निघतो. उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ. वाफेचं पाणी आणि क्लोरीन, दोन्ही दोन वेगळ्या अडचणींतून आले.

वाफेचं पाणी आलं मिठामुळे. समुद्राच्या पाण्याची वाफ थंड केली की गोडं पाणी मिळतं, हे ग्रीसच्या ॲरिस्टॉटलने सुमारे २,३०० वर्षांपूर्वी लिहिलं. आपल्याकडे गुलाबपाणी आणि ओव्याचा अर्क याच रीतीने काढतात. १८७२ साली चिलीच्या वाळवंटात, लास सालिनासच्या खाणीजवळ, चार्ल्स विल्सन यांनी तिरप्या काचांखाली खारं पाणी उन्हात तापवलं. काचेवरून ओघळलेल्या थेंबांतून दिवसाला २०,००० लिटरच्या आसपास पाणी मिळे. सरपण लागत नसे.

क्लोरीन आलं रोगामुळे. अमेरिकेच्या जर्सी सिटीत डॉ. जॉन लील यांनी २६ सप्टेंबर १९०८ पासून अख्ख्या शहराच्या पाण्यात क्लोरीनची पूड मिसळायला सुरुवात केली, तीही शहराची परवानगी न घेता. प्रकरण कोर्टात होतं. निकाल क्लोरीनच्या बाजूने लागला आणि इतर शहरांनी ती रीत उचलली. ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर त्याच जातीची.

मग वाफेने काय काय जातं? मीठ, फ्लोराईड, आर्सेनिक, शिसं वाफेबरोबर चढत नाही, भांड्यातच राहतं. जंतू उकळण्यात मरतात. क्लोरीन मात्र पाण्यातून सहज उडतं आणि वाफेबरोबरही चढतं. १९७४ साली हॉलंडच्या योहानेस रूक यांनी दाखवलं, की पाण्यातल्या कुजक्या पालापाचोळ्याच्या अंशाशी मिळून क्लोरीनपासून क्लोरोफॉर्म तयार होतो. तो ६१ अंशांवरच उकळतो, म्हणून पाण्याच्या आधी चढतो. त्यामुळे खिडकी उघडी ठेवून पहिली वाफ सोडून द्यावी, मगच पाणी धरावं. तरी या अंशांच्या भीतीने क्लोरीन बंद करणं परवडणारं नाही. जुलाब आणि कॉलऱ्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा आहे.

खर्चही बघा. पाणी उकळीला आणायला जेवढा जाळ लागतो, त्याच्या सुमारे सातपट जाळ त्या सगळ्या पाण्याची वाफ करायला लागतो. ती मोळी आपल्याच डोक्यावर येते. शिवाय वाफेच्या पाण्यात क्लोरीनची राखण उरत नाही. हात बुडाला की पाणी पुन्हा नासलं.

म्हणून नुसत्या वासासाठी वाफ नको. पिण्यापुरतं पाणी रुंद भांड्यात, वर फडकं बांधून, काही तास ठेवलं की वास बराच उतरतो. अकोला-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात किंवा फ्लोराईडच्या गावांत मात्र वाफेचा, त्यातही उन्हाच्या वाफेचा, खरा उपयोग आहे.

आपल्या पाण्यात नेमकं काय आहे, हे आधी तपासा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायकांना तपासणीचा संच वापरायला शिकवण्याची तरतूद आहे. आपल्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे येत्या ग्रामसभेत विचारू या.