मेदाआड दडलेले कारण: जेन्नर, हंटर आणि हृदयशूल

१/ १७६८ साली लंडनमधील वैद्य विल्यम हेबर्डन यांनी रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये एका विकाराचे वर्णन वाचले. चालताना, विशेषतः चढण चढताना छातीत तीव्र कळ येते आणि थांबताच ती ओसरते. त्यांनी या विकारास 'अँजायना पेक्टोरिस' हे नाव दिले. त्याचे कारण मात्र अज्ञात होते.

२/ १७७२ मध्ये एका अनामिक रुग्णाने हेबर्डन यांना पत्र लिहून, मृत्यूनंतर आपला देह तपासण्याची अनुमती दिली. लवकरच तो वारला. शवविच्छेदन विख्यात शल्यविशारद जॉन हंटर यांनी केले. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या तेव्हा बहुधा पाहिल्याच गेल्या नाहीत, असे हंटर यांचे शिष्य एडवर्ड जेन्नर यांनी पुढे नमूद केले. देवीच्या लशीमुळे अजरामर झालेले जेन्नर ते हेच.

३/ दुसऱ्या एका रुग्णाचे हृदय कापताना जेन्नर यांची सुरी कशावर तरी करकरली. जुन्या छताचा गिलावा पडला असावा, असे वाटून त्यांनी वर पाहिले. प्रत्यक्षात धमन्याच हाडासारख्या कठीण झाल्या होत्या!

४/ मग हे आधी कोणाला कसे दिसले नाही? जेन्नर यांनी हेबर्डन यांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर सुचवले आहे. अशा रुग्णांच्या हृदयावर मेदाचे थर असतात आणि धमन्या त्यांत पूर्णपणे झाकल्या जातात. म्हणून बिघाड नजरेतून सुटत असावा.

५/ एव्हाना स्वतः हंटर यांना हाच विकार जडला होता. हे कारण त्यांना पटले, तर बरे होण्याची आशाच मावळेल, या भीतीने जेन्नर यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला नाही. एव्हरार्ड होम आणि हेन्री क्लाइन यांना त्यांनी तो खासगीत सांगितला. पण त्यांनी फारसे मनावर घेतले नाही.

६/ १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्ज रुग्णालयातील बैठकीत वादावादी झाली आणि तेथेच हंटर यांचा अंत झाला. शवविच्छेदनात त्यांच्या धमन्या कठीण झालेल्या आढळल्या. तुमचेच बरोबर होते, असे होम यांनी जेन्नर यांना कळवले. १७९९ मध्ये जेन्नर यांचे मित्र केलब पॅरी यांच्या ग्रंथातून हा विचार जगापुढे आला.

७/ जेन्नर यांच्या दृष्टीने मेद हा केवळ आडपडदा होता. आज तोच अभ्यासाचा विषय आहे. हृदयालगतचा मेद आणि हृदयाचा स्नायू यांच्यामध्ये पडदा नसतो. दोघांनाही त्याच धमन्यांतून रक्त मिळते. हा मेद प्रमाणाबाहेर वाढणे आणि धमन्यांचा विकार यांत संबंध आढळतो. त्यात मेदाचा दोष किती, यावर संशोधन चालू आहे.

८/ त्या काळी या विकारावर उपाय नव्हता. जेन्नर बोलले असते तरी हंटर वाचले नसते. मग त्यांचे मौन योग्य म्हणावे का? तुमचे मत अवश्य मांडा.