भाजलेली की मुरलेली? जुन्या घरांतील नक्षीदार लाद्यांची गोष्ट

मुंबईत गिरगाव किंवा दादरमधल्या एखाद्या जुन्या घराची दुरुस्ती निघते. वरची चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी उखडली जाते आणि खालून लाल, काळ्या, पिवळ्या नक्षीचा तुकडा डोकावतो. घरमालक हरखतो. मग कुणीतरी ॲसिडचा कॅन आणि घासण्याचे यंत्र घेऊन येते, आणि कित्येक दशके टिकलेली जमीन दोन दिवसांत निकामी होते.

हे टाळायचे तर हात लावण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर हवे : ही लादी भट्टीत भाजलेली आहे, की पाण्यात मुरलेली? वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात. दोघींचा इतिहास मात्र वेगळा आहे, आणि म्हणूनच उपचारही वेगळे.

भाजलेली लादी आधीची. मध्ययुगीन इंग्लंडमधील चर्चच्या जमिनींवर ओल्या मातीत ठसा उमटवून, त्या खळग्यांत दुसऱ्या रंगाची माती भरून भाजलेल्या लाद्या असत. पुढे ही विद्या लोपली. १८३० मध्ये सॅम्युएल राइट याने तिचे यांत्रिक रूप पेटंट केले आणि स्टोक-ऑन-ट्रेंटच्या हर्बर्ट मिंटन याने ते बाजारात रुजवले. साम्राज्याच्या जहाजांतून या लाद्या मुंबईला आल्या. भायखळ्याचे भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. त्याची जमीन मिंटनच्या लाद्यांची आहे. २००३ ते २००८ या काळात संग्रहालयाचे पुनरुज्जीवन झाले, त्यानंतर ती पुन्हा नीट पाहता येऊ लागली.

मुरलेली लादी सिमेंटची. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात ती झळकली. फ्रान्स आणि कातालोनिया ही तिची माहेरघरे. तिची कृती पाहण्यासारखी आहे. पोलादी साच्यात पितळी पट्ट्यांची नक्षीची जाळी ठेवायची. पांढरे सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग यांचे पातळ मिश्रण प्रत्येक कप्प्यात हाताने ओतायचे. जाळी अलगद उचलायची, पाठीमागे सिमेंट-वाळूचे थर द्यायचे, प्रेसखाली दाबायचे आणि लादी पाण्यात मुरवायची. भट्टी नाही, जळण नाही. कारागिराचा हात थोडा हलला की फुलाची पाकळी वाकडी होते. जुन्या जमिनीवर अशा वाकड्या पाकळ्या शोधण्यात वेगळीच मौज आहे.

भारतात या लादीची वेळ अचूक साधली गेली. १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्यात सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. ३१ जुलै १९२१ रोजी परळमध्ये परदेशी कापडाची होळी पेटली. आणि १९२२ मध्ये सिधवा कुटुंबातील फिरोजशा व रुस्तम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने भारत टाइल्सचा पाया घातला. उरणला कारखाना उभा राहिला. स्वदेशी म्हटले की चरखा आणि खादी आठवते. सिमेंटची लादी कुणाला आठवत नाही, कारण ती पायाखाली असते! पुढच्या दोन-तीन दशकांत मुंबईत उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींमध्ये, आर्ट डेको घरांमध्येही, आयात मालाशी स्पर्धा करणारी ही देशी जमीन पोहोचली.

आता दुरुस्तीकडे वळू. सिमेंटच्या लादीचा रंगीत थर काही मिलिमीटरच जाड असतो. यंत्राने जोरात घासले की डाग जातात, पण त्यांच्यासोबत नक्षीही जाते. ॲसिड तर थेट शत्रू : ते सिमेंटही खाते आणि संगमरवराची भुकटीही. भाजलेली माती ॲसिडला बरीच दाद देत नाही, पण तिच्या सांध्यांतला चुना विरघळतो. म्हणून साधे पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश आणि पुष्कळ धीर एवढेच सामान घेऊन सुरुवात करावी. वर्षानुवर्षे ओल्या फडक्याने पुसून आलेली चमक कोणत्याही पॉलिशला साधत नाही.

दुसरा शत्रू ओल. तळमजल्यावर जमिनीतली ओल लाद्यांतून आणि सांध्यांतून वर येऊन उडून जात असते. वर प्लास्टिकसारखा थर चढवला की ती आत अडते, क्षार साचतात, लोणा लागतो आणि लादीचा पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. आधी ओलीचे मूळ शोधावे; चमकेचा विचार नंतर.

लाद्या काढाव्याच लागल्या तर आधी छायाचित्रे, मग नकाशा, मग प्रत्येक लादीच्या पाठीवर क्रमांक. चुन्यात बसवलेली लादी बहुधा अखंड सुटते. कडक सिमेंटमध्ये रुतलेली निघताना फुटते. म्हणूनच पुन्हा बसवताना घट्ट सिमेंट वापरणे म्हणजे पुढच्या दुरुस्तीची वाट बंद करणे. फुटलेल्या लादीची जोडीदार अनेकदा कपाटाखाली किंवा माळ्यावर ठेवलेल्या शिल्लक मालात सापडते.

नाहीच सापडली तर? या प्रश्नाने मोठ्यांनाही छळले आहे. अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीत १८५०च्या दशकात मिंटनच्या लाद्या बसवायला सुरुवात झाली. पुढे झिजलेल्यांना जोड मिळेना, म्हणून काही भागांत संगमरवर घालण्यात आला. अनेक दशकांनंतर जुन्या पद्धतीने घडवलेल्या नव्या लाद्या इंग्लंडमधून आणून मूळ नक्षी परत जुळवण्यात आली. मुंबईकरांचे नशीब थोडे बरे : भारत टाइल्सने जुन्या नक्षींचे उत्पादन पुन्हा सुरू केले आहे.

तरीही सगळेच नवे करू नये. उंबऱ्याजवळची झीज, चुलीच्या जागेचा काळसर पट्टा, दिवाणाखाली ताजा राहिलेला रंगाचा चौकोन : त्या घरातली माणसे कुठे उभी राहत, कुठे बसत, याची हीच नोंद. ती कोणत्याही दप्तरात मिळत नाही. तुटलेली, पायाला लागणारी लादी बदलावी. नुसती झिजलेली राहू द्यावी.

पुनर्विकासात घर पाडले जाते तेव्हा याच लाद्या जुन्या सामानाच्या बाजारात नगावर विकल्या जातात. चार मधल्या लाद्या एकाकडे, काठाची पट्टी दुसऱ्याकडे. एकेक लादी कॅफेच्या भिंतीवर सुंदर दिसते. पण कोणत्या खोलीत कोणती नक्षी होती, काठ कुठे वळत होता आणि पाठीवर कोणत्या कारखान्याचा छाप होता, हे त्या घरातून शेवटचा टेम्पो निघण्याआधीच कुणीतरी लिहून ठेवायला हवे असते.