लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन कसं तयार करायचं? कोड लिहिणाऱ्यांना त्याचा उपयोग काय?

'माझ्या लॅपटॉपवर तर व्यवस्थित चालतंय!' सॉफ्टवेअर क्षेत्रात हे वाक्य रोज कुठे ना कुठे ऐकू येतं. वेबसाइट विंडोज लॅपटॉपवर छान दिसते, पण सर्व्हरवर टाकली की फोटो गायब होतात आणि तारखा चुकतात. कोड तोच असतो. बदललेलं असतं ते त्याच्या भोवतीचं वातावरण, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या आणि सेटिंग्ज.

यावरचा एक खात्रीचा उपाय म्हणजे सर्व्हरसारखाच एक संगणक आपल्या लॅपटॉपच्या आत तयार करणं. यालाच व्हर्च्युअल मशीन किंवा 'व्हीएम' म्हणतात.

नेमका फरक कुठे पडतो?

दोन उदाहरणं पाहू. विंडोज फाइलच्या नावातल्या इंग्रजी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत सहसा भेद करत नाही, लिनक्स करतं. त्यामुळे फाइलच्या नावात पहिलं अक्षर कॅपिटल असेल आणि कोडमध्ये तुम्ही ते स्मॉल लिहिलं असेल, तर विंडोजवर फोटो दिसतो आणि लिनक्स सर्व्हरवर दिसत नाही.

दुसरं उदाहरण वेळेचं. भारतीय प्रमाणवेळ यूटीसी या जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे आणि बरेच सर्व्हर यूटीसीवर चालतात. रात्री २ वाजता कुणी फॉर्म भरला तर अशा सर्व्हरवर आदल्या दिवसाची तारीख नोंदली जाऊ शकते. अर्जाची शेवटची तारीख तपासणाऱ्या वेबसाइटमध्ये ही चूक लोकांना महागात पडते. अशा चुका सर्व्हरवर जाण्याआधी घरीच सापडाव्यात, हा व्हीएमचा मुख्य उपयोग.

व्हर्च्युअल मशीन चालतं कसं?

तुमचा खरा संगणक म्हणजे 'होस्ट' आणि आतला आभासी संगणक म्हणजे 'गेस्ट'. होस्टचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्क यांचा वाटा गेस्टला देणाऱ्या सॉफ्टवेअरला 'हायपरवायझर' म्हणतात. गेस्टच्या दृष्टीने तो स्वतंत्र संगणकच असतो. त्याची हार्ड डिस्क मात्र प्रत्यक्षात तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल असते.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने १९६० च्या दशकातच मोठ्या मेनफ्रेम संगणकांवर असे प्रयोग केले आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. साध्या पीसीवर हे तंत्र १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे पोहोचलं. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच यासाठीची सोय दिली.

काय काय लागतं?

८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर एक छोटं व्हीएम चालतं, मात्र तेव्हा ब्राउझरच्या टॅब कमी ठेवाव्या लागतात. १६ जीबी असेल तर काम आरामात होतं. डिस्कवर किमान ३० जीबी जागा मोकळी ठेवा.

प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय सुरू आहे का, हे आधी तपासा. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून 'परफॉर्मन्स' आणि मग 'सीपीयू' वर गेलात की ते दिसतं. बंद असेल तर लॅपटॉप सुरू होताना बायॉसमध्ये जाऊन ती सुरू करावी लागते.

अॅपलच्या एम मालिकेतले प्रोसेसर एआरएम पद्धतीचे आहेत. अशा मॅकवर लिनक्सची एआरएम आवृत्तीच डाउनलोड करा.

सेटअप कसा करायचा?

१. हायपरवायझर घ्या. ओरॅकलचं व्हर्च्युअलबॉक्स मोफत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स या तिन्हींवर चालतं. डाउनलोड अधिकृत वेबसाइटवरूनच करा.

२. सर्व्हरवर असेल तीच ऑपरेटिंग सिस्टीम निवडा. सर्व्हरवर उबंटूची २४.०४ आवृत्ती असेल तर इथेही तीच घ्या. 'सर्व्हर' आवृत्तीत खिडक्या आणि आयकॉन नसतात, त्यामुळे ती कमी रॅममध्ये चालते.

३. नवं मशीन तयार करा. २ जीबी रॅम, २ प्रोसेसर आणि २५ जीबी डिस्क एवढं सुरुवातीला पुरतं. डिस्क 'डायनॅमिक' ठेवली तर फाइल गरजेप्रमाणे वाढत जाते.

४. नेटवर्क 'नॅट' प्रकारचं ठेवा आणि पोर्ट फॉरवर्डिंग लावा. होस्टचा ८०८० हा पोर्ट गेस्टच्या ८० ला जोडला की आतली वेबसाइट तुमच्या ब्राउझरमध्ये दिसते. होस्टच्या पत्त्याच्या रकान्यात १२७.०.०.१ लिहा, म्हणजे त्याच वायफायवरच्या इतरांना ती उघडता येणार नाही.

५. सगळं नीट चालू झालं की 'स्नॅपशॉट' घ्या. पुढे काही बिघडलं तर त्या क्षणाला परत जाता येतं.

व्हर्च्युअलबॉक्सच्या खिडकीत खाली हिरवं कासव दिसलं तर समजा, विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही सुरू आहे आणि व्हीएम त्याच्यावरून चालतंय. अशा वेळी वेग कमी होऊ शकतो. हायपर-व्हीवर विंडोजच्या काही सुरक्षा सुविधाही अवलंबून असतात, म्हणून ते विचार न करता बंद करू नका.

तोच सेटअप टीममधल्या दहा जणांना हवा असेल तर?

प्रत्येकाने हे टप्पे हाताने केले तर दहा वेगवेगळी मशीन तयार होतील आणि मूळ प्रश्न परत येईल. यासाठी 'व्हेग्रंट' हे साधन वापरतात. २०१० मध्ये आलेल्या या साधनात मशीनचं वर्णन एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. कोणती ऑपरेटिंग सिस्टीम, किती रॅम, कोणते पोर्ट, कोणतं सॉफ्टवेअर, हे सगळं त्यात येतं. ही फाइल कोडसोबत गिटमध्ये ठेवली की नवीन सहकारी 'व्हेग्रंट अप' ही एक कमांड देतो आणि त्याच वर्णनाचं मशीन उभं राहतं. 'हॉल्ट' ने ते थांबतं, 'डिस्ट्रॉय' ने पुसलं जातं.

लोक कुठे चुकतात?

शेअर्ड फोल्डर: कोड विंडोजवर ठेवून गेस्टला तो फोल्डर वापरायला देणं सोयीचं वाटतं. पण त्या फोल्डरला विंडोजचेच नियम लागू होतात. म्हणजे कॅपिटल-स्मॉल अक्षरांची चूक पुन्हा लपते. शिवाय हजारो छोट्या फाइल्स असतील तर कामही संथ होतं. कोड गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवणं चांगलं.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे: स्नॅपशॉट त्याच लॅपटॉपवर असतो. लॅपटॉप चोरीला गेला किंवा डिस्क बिघडली तर मशीन आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात. कोड रोज बाहेरच्या गिट सर्व्हरवर पाठवा.

सर्वांना माहीत असलेला पासवर्ड: व्हेग्रंटच्या तयार मशीनमध्ये युजरनेम आणि पासवर्ड दोन्ही सहसा 'व्हेग्रंट' हेच असतात. नेटवर्क 'ब्रिज्ड' केलं तर असं मशीन कॉलेज किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर सगळ्यांना दिसू लागतं. खरी माहिती, म्हणजे ग्राहकांची नावं आणि फोन नंबर, त्यात ठेवू नका.

डॉकर असताना व्हीएम कशाला?

२०१३ मध्ये आलेल्या डॉकरमधले 'कंटेनर' व्हीएमपेक्षा हलके असतात, कारण ते वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम पूर्ण चालवत नाहीत. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, ते वाटून घेतात. अनेक कामांना तेवढं पुरतं. पण विंडोज आणि मॅकवर लिनक्सचा कर्नल नसल्यामुळे डॉकर डेस्कटॉप स्वतःच आत एक लिनक्स व्हीएम चालवतं. म्हणजे तुम्ही डॉकर निवडलं तरी व्हीएम समजून घेणं वाया जात नाही. आणि कर्नल, फायरवॉल किंवा संपूर्ण सर्व्हरचा सेटअप शिकायचा असेल तर व्हीएमच सोयीचं पडतं.

सेटअप नीट झालाय हे कसं ओळखायचं?

कोड गिटवर पाठवून झाला की मशीन पूर्ण पुसून टाका आणि फाइलवरून पुन्हा उभं करा. वेबसाइट आधीसारखीच चालली तर सेटअप पूर्ण झाला. पुसायची भीती वाटली तर समजा, काहीतरी अजून फक्त त्या मशीनमध्येच अडकलेलं आहे. हाताने केलेलं एखादं सेटिंग असेल, न पाठवलेला कोड असेल. ते शोधा, फाइलमध्ये लिहा किंवा गिटवर पाठवा आणि मग पुन्हा पुसून पाहा.