विद्यापीठांचे धुरीण आणि मातेचे नाव

येवल्याच्या पैठणीची कीर्ती सर्वदूर पसरली. परंतु ते महावस्त्र सिद्ध होण्यात रेशीम उकलणाऱ्या व कांड्या भरणाऱ्या स्त्रियांचा वाटा किती, हे आपण क्वचितच विचारतो. माग ज्याचा, नाव त्याचे! विद्येच्या क्षेत्रातही दीर्घकाळ हीच रीत होती. ती पालटण्यास विद्यापीठांचे धुरीण कसे कारण झाले, याचे स्मरण करणे उचित होय.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. पण त्याच्या परीक्षांचे द्वार स्त्रियांस १८८३ साली उघडले. पुढे १९१५ साली सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून धोंडो केशव कर्वे यांनी जपानच्या धर्तीवर महिला विद्यापीठाची कल्पना मांडली व १९१६ साली ती प्रत्यक्षात आणली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती व रँग्लर परांजपे पहिले कुलगुरू झाले. मातृभाषेतून उच्च शिक्षण हे त्या विद्यापीठाचे वैशिष्ट्य. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी दिली, आणि विद्यापीठास त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव लाभले.

१९९५ ते २००० या काळात मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू असलेल्या डॉ. स्नेहलता देशमुख यांनी पदवीपत्रावर मातेचेही नाव यावे असा आग्रह धरला व तो सिद्धीस नेला. आपल्या तालुक्यातील महाविद्यालये ज्या पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यास २०१४ साली सावित्रीबाई फुले यांचे नाव देण्यात आले. आता तर १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत मातेचे नाव पित्याच्या नावाआधी येते.

आणि आपण? याच स्मरणिकेत गुणवंतांच्या यादीत आम्ही आजवर विद्यार्थ्याचे व पित्याचेच नाव छापीत आलो. हा दोष सर्वस्वी आमचा. कोणी वडीलधारे म्हणतील, 'नावाने काय होते?' नावाने पोट भरत नाही हे खरे. पण जिचे नाव कोठेच लिहिले जात नाही, तिचे मतही कोणी विचारीत नाही. म्हणूनच बारावी होताच स्थळ आले की मुलीचे शिक्षण थांबते, आणि तिच्या मातेला त्याविषयी काय वाटते हे बैठकीत कोणी पुसत नाही.

ज्ञातिबंधुभगिनींनो, पुढील वर्षीच्या यादीत प्रत्येक मातेचे नाव असावे, आणि त्या यादीत पदवीधर कन्यांची संख्या वाढलेली असावी, हीच आमची नम्र विनंती.