हायस्कूलचा दाखला आणि संगणकाची अट

एखादा विषय शाळेंत आला म्हणजे तो मुलांपर्यंत पोहोंचलाच, असें नाहीं. नवा विषय शाळेंत शिरतो तो बहुधा तीन पायऱ्यांनीं. प्रथम तो एखाद्या हौशी शिक्षकाच्या खोलींत, शाळा सुटल्यावर, चार उत्साही मुलांपुरता येतो. पुढें वेळापत्रकांत ऐच्छिक विषय म्हणून त्याला एक तास मिळतो. शेवटीं केव्हां तरी तो आवश्यक ठरतो, आणि मग त्यावांचून मुलाच्या हातीं दाखला पडत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत संगणकशास्त्राला पहिल्या पायरीवरून तिसरीवर चढण्यास सुमारें अर्धें शतक लागलें. यंत्रें इतक्या वेगानें पुढें गेलीं असतां त्यांचें शिक्षण इतकें मागें कां राहिलें, हें पाहणें बोधप्रद आहे.

तेथें हायस्कूलचा दाखला मिळतो कसा, हें आधीं ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडील शालान्त परीक्षेसारखी साऱ्या राज्याची एकच परीक्षा देऊन तो मिळतो, असें नाहीं. नववी ते बारावी या चार वर्षांत विद्यार्थ्यानें निरनिराळे अभ्यासक्रम पुरे करावयाचे, प्रत्येकाबद्दल त्याच्या खात्यावर श्रेयांक जमा व्हावयाचे, आणि ठरलेली बेरीज भरली म्हणजे दाखला, अशी ती जमाखर्चाची व्यवस्था आहे. १९०६ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें या हिशेबाला माप घालून दिलें. एका विषयाचे वर्षांत सुमारें १२० तास म्हणजे एक एकक, असें तें माप होतें. कोणत्या विषयाचीं किती एककें हवींत, हें ठरविण्याचा अधिकार राज्यांचा व कांहीं अंशीं त्या त्या गांवच्या शिक्षणमंडळाचा. त्यामुळें वॉशिंग्टनमधून कितीहि मोठ्यानें उपदेश झाला, तरी तो मानावयाचा कीं नाहीं, हें पन्नास राज्यें आणि हजारों मंडळें आपापल्या घरीं ठरवितात.

संगणकशिक्षणाचा आरंभ मोठ्या उदार हेतूनें झाला. १९६४ च्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेस, पहांटेच्या वेळीं, डार्टमथ कॉलेजांत 'बेसिक' ही भाषा प्रथम चालली. जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनीं ती रचली होती. यंत्राला काम सांगण्याची विद्या गणितज्ञांपुरती न राहतां साहित्य वा इतिहास शिकणाऱ्यासहि यावी, हा त्यांचा हेतु. पुढें १९६७ सालीं सीमोर पॅपर्ट, वॉली फ्युर्झाइग व सिंथिया सॉलोमन यांनीं लहान मुलांसाठीं 'लोगो' ही भाषा तयार केली. तींत पुढें एक कासव आलें. "इतकें पुढें जा, इतकें उजवीकडे वळ" अशा आज्ञा देऊन मूल त्या कासवाकडून चौकोन काढून घेई. चौकोन वांकडा आला तर आपली कोणती आज्ञा चुकली, हें तें स्वतःच शोधी. या वर्गांत चुकीला शिक्षा नव्हती. चूक शोधून काढणें हाच तेथला मुख्य अभ्यास होता. १९७७ सालीं टेबलावर मावतील असे तयार संगणक बाजारांत आले, आणि शाळांनाहि ते विकत घेण्याचा विचार करतां येऊं लागला.

अशा स्थितींत १९८३ च्या एप्रिल महिन्यांत एक छोटेखानी अहवाल प्रसिद्ध झाला. शिक्षणमंत्री टेरेल बेल यांनीं १९८१ सालीं नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचा तो अहवाल. त्याचें नांव 'अ नेशन ॲट रिस्क', म्हणजे 'संकटांतील राष्ट्र'. जपानच्या मोटारी, दक्षिण कोरियाचें पोलाद, जर्मनीचीं यांत्रिक अवजारें यांचा दाखला देऊन आयोगानें सांगितलें कीं, देशाच्या शाळा मागें पडत आहेत. त्यावर उपाय म्हणून दाखल्यासाठीं पांच मूलभूत विषय सर्वांस आवश्यक करावे, अशी त्याची शिफारस होती. इंग्रजी चार वर्षें, गणित तीन, विज्ञान तीन, समाजशास्त्रें तीन, आणि संगणकशास्त्र अर्धें वर्ष.

हें अर्धें वर्ष कशासाठीं, तेंहि आयोगानें स्पष्ट केलें होतें. संगणक हें माहितीचें, गणनेचें व संदेशवहनाचें साधन आहे, हें विद्यार्थ्यास समजावें. इतर विषयांच्या अभ्यासांत व व्यवहारांत त्याला तें वापरतां यावें. आणि संगणक व विद्युत्-तंत्र यांच्या जगाची त्याला ओळख व्हावी. चार दशकांपूर्वीं लिहिलेली ही अपेक्षा आजहि जुनी वाटत नाहीं.

अहवाल गाजला. पुढील कांहीं वर्षांत अनेक राज्यांनीं गणिताचीं व विज्ञानाचीं एककें वाढविलीं. पांच भावंडांपैकीं चौघांस कमीअधिक वांटा मिळाला. धाकटें भावंड मात्र दारांतच उभें राहिलें.

याचीं कारणें तीन. पहिलें कारण शिक्षक. गणिताचा वा इतिहासाचा शिक्षक घडविणारीं महाविद्यालयें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं होतीं. संगणकशास्त्राचा शालेय शिक्षक घडविणारी व्यवस्था जवळजवळ नव्हतीच. जो हा विषय उत्तम जाणी, त्याला कारखान्यांत शाळेहून पुष्कळ अधिक वेतन मिळे. दुसरें कारण वेळ. शाळेचा दिवस लांबत नाहीं. एक विषय आंत घ्यावयाचा तर दुसऱ्याला जागा सोडावी लागते, आणि संगीत, चित्रकला, परभाषा यांपैकीं कोणाला उठवावें, हा प्रश्न कोणत्याहि मुख्याध्यापकास सोपा नाहीं.

तिसरें कारण सर्वांत खोल होतें. संगणक शिकणें म्हणजे नेमकें काय शिकणें, यावर एकवाक्यता नव्हती. तयार कार्यक्रम बाजारांत विपुल झाले तसें शाळांनीं मुलांना पत्र लिहिणें, तक्ते भरणें, चित्रपट्ट्या तयार करणें शिकविण्यास आरंभ केला. कासवाचा चौकोन मागें पडला आणि कळफलकावरचीं बोटें पुढें आलीं. दक्षिण कॅरोलायनाचें उदाहरण येथें बोलकें आहे. त्या राज्यांत दाखल्यासाठीं संगणकशास्त्राचें एक एकक पुष्कळ वर्षें आवश्यक होतें. परंतु टंकलेखनाचा वर्ग पुरा केला तरी तें भरलें असें धरीत. २०१८ च्या सुमारास राज्यानें ही सवलत काढून घेतली. तोंवर अटीचें नांव शास्त्राचें आणि शिक्षण बोटांचें, असा प्रकार चालला. कागदावर नियम होता, यंत्रें होतीं, श्रेयांकहि होते. विषय तेवढा नव्हता.

मग ज्यांना खरा विषय हवा होता त्यांचें काय? त्यांच्यासाठीं १९८४ पासून महाविद्यालयाच्या तोडीची एक प्रगत परीक्षा होती. परंतु ती ऐच्छिक, आणि ती शिकविणाऱ्या शाळा थोड्या. ऐच्छिक विषयाची निवड मुलें करतात असें आपण म्हणतों. वस्तुतः ती पुष्कळदां त्यांच्या आधींच झालेली असते. जेन मार्गोलिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं लॉस एंजेलिसमधील तीन सरकारी हायस्कुलांचा अभ्यास करून २००८ सालीं एक पुस्तक प्रसिद्ध केलें. पोहण्याच्या तलावाच्या उथळ कडेला अडकून पडणें, असा त्याच्या नांवाचा आशय आहे. लॅटिनो व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांत संगणकांच्या रांगा होत्या, पण त्यांवर चालत होतें तें टंकलेखन व तत्सम काम. आज्ञावली रचण्याचा प्रगत वर्ग जेथें होता, तेथें त्याचीं बांकें बहुतेक ज्यांच्या घरीं ती विद्या आधींच पोहोंचली होती, अशा मुलग्यांनीं भरलेलीं. एकेकाळीं सार्वजनिक तलावांत कृष्णवर्णीयांस उतरूं देत नसत आणि मग "त्यांना पोहणें जमतच नाहीं" असें म्हणत. येथेंहि वगळल्यानें आलेली उणीव उपजत मानली जात होती. २०१३ सालीं ती प्रगत परीक्षा देणाऱ्यांत मुलींचें प्रमाण शंभरांत विसांहूनहि कमी होतें. मिसिसिपी, मोंटाना व वायोमिंग या तीन राज्यांत तर एकहि मुलगी परीक्षेस बसली नाहीं.

येथें सक्तीच्या प्रश्नाला निराळा अर्थ आला. १९८३ च्या आयोगापुढें राष्ट्राराष्ट्रांची स्पर्धा होती. आतां प्रश्न एकाच शहरांतील दोन मुलांमधील अंतराचा झाला. ज्याच्या घरीं कोणी वाट दाखविणारें आहे, तें मूल ऐच्छिक वर्गाचें दार स्वतः शोधील. ज्याच्या घरीं कोणी नाहीं, त्याच्यापुढें शाळेनेंच तें दार उघडून धरलें पाहिजे. सक्ती ही अशा मुलाच्या दृष्टीनें बंधन नसून आमंत्रण असते.

विषयाची व्याख्याहि याच सुमारास स्पष्ट होत गेली. २००६ सालीं जॅनेट विंग यांनीं 'संगणकीय विचार' ही कल्पना लेखरूपानें मांडली. मोठ्या प्रश्नाचे लहान भाग पाडणें, त्यांतील समान घाट ओळखणें, अनावश्यक तपशील बाजूस सारणें, आणि उत्तराकडे नेणाऱ्या पायऱ्या निःसंदिग्ध शब्दांत मांडणें, असें या विचाराचें स्वरूप सांगतां येईल. लॉस एंजेलिसच्या पाहणींतूनच जोआना गूड व गेल चॅपमन यांनीं पूर्वतयारी नसलेल्या मुलांसाठीं एक वर्षाचा प्रवेशपाठ तयार केला. तींत यंत्रावर बसण्यापूर्वीं मुलें एकमेकांशीं बोलून प्रश्न सोडवितात. आज्ञावली मागाहून येते. तथापि २०१० च्या एका पाहणींत असें दिसलें कीं, गणित वा विज्ञानाच्या श्रेयांकांत संगणकशास्त्र धरणारीं राज्यें केवळ नऊ होतीं. बाकीच्या राज्यांत या विषयाला दिलेलें वर्ष दाखल्याच्या त्या रकान्यांत मोजलें जात नव्हतें.

शिकागो शहरानें येथें निराळा क्रम धरला. २०१३ च्या डिसेंबरांत महापौर राम इमॅन्युएल यांनीं शहरांतील शाळांत हा विषय पसरविण्याची योजना जाहीर केली. शिक्षकांचें प्रशिक्षण हा तिचा कणा होता. २०१६ च्या जानेवारीअखेर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनीं 'सर्वांसाठीं संगणकशास्त्र' अशी घोषणा करून राज्यांसाठीं चार अब्ज डॉलरांची मागणी मांडली. त्यानंतर महिनाभरांत, २४ फेब्रुवारी २०१६ रोजीं, शिकागोच्या शिक्षणमंडळानें ठराव केला कीं, त्या वर्षीं नववींत येणाऱ्या विद्यार्थ्यांस संगणकशास्त्राच्या एका श्रेयांकावांचून दाखला मिळणार नाहीं. एवढ्या मोठ्या शहरानें अशी अट घालण्याचा हा पहिलाच प्रसंग. १९८३ च्या शिफारशीस तेव्हां तेहतीस वर्षें होत आलीं होतीं.

आक्षेप निघाले, आणि ते पोकळ नव्हते. ज्या शाळेंत गणिताचा शिक्षकहि टिकत नाहीं, तिला संगणकशास्त्राचा कोठून मिळणार? नापास झालेल्या मुलाचा दाखला अडला, तर ज्याच्यासाठीं नियम केला त्यालाच त्याची शिक्षा झाली, असें होणार नाहीं काय? शिकागोंतील शाळा व विद्यापीठें यांच्या संशोधकांनीं मिळून पुढें केलेल्या पाहणींत या दुसऱ्या प्रश्नाचें कांहीं उत्तर सांपडतें. ज्या शिक्षकांनीं त्या प्रवेशपाठाचें प्रशिक्षण पुरतेंपणीं घेतलें होतें, त्यांच्या वर्गांत नापासांचें प्रमाण कमी आढळलें. सक्ती तारक ठरावयाची कीं मारक, हें अशा रीतीनें शेवटीं शिक्षकाच्या तयारीवर येऊन थांबतें.

आर्कान्सा राज्यानेंहि घाई केली नाहीं. २०१५ सालीं त्यानें कायदा केला तो मुलांवर नव्हे, शाळांवर. प्रत्येक सरकारी हायस्कूलनें हा विषय शिकविण्याची सोय केली पाहिजे, एवढेंच त्यांत होतें. शिक्षक तयार होत गेले, आणि सहा वर्षांनीं, २०२१ सालीं, मुलांसाठीं अट आली. २०२२ सालीं नववींत आलेल्यांपासून ती लागू झाली. आधीं विहीर, मग पाणी भरण्याचा नियम. हा शहाणपणा साधा आहे, पण शिक्षणाच्या इतिहासांत दुर्मिळ आहे.

नुसत्या विहिरीनेंहि भागत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. २०२४ पर्यंत अमेरिकेंतील सुमारें ६० टक्के सरकारी हायस्कुलांत संगणकशास्त्राचा मूलभूत वर्ग उपलब्ध झाला होता. परंतु एका वर्षांत तो घेणारे विद्यार्थी शंभरांत सहासात एवढेच. या दोन आंकड्यांमधील दरी पाहूनच सुमारें दहा राज्यांनीं तोंवर दाखल्याची अट स्वीकारली होती.

२०२२ च्या नोव्हेंबरांत चॅटजीपीटी आलें आणि आज्ञावलीहि यंत्रच लिहून देऊं लागलें. मग ही अट हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच निघाला. त्याला उत्तर या इतिहासांतच आहे. ज्यांनीं संगणकशास्त्र म्हणजे टंकलेखन मानलें, त्यांचा अभ्यासक्रम काळानें रद्द केला. ज्यांनीं तें म्हणजे एखाद्या भाषेचे नियम पाठ करणें असें मानलें, त्यांचाहि होईल. परंतु काय करावयाचें आहे हें नेमकें सांगतां येणें, मिळालेलें उत्तर बरोबर आहे कीं नाहीं हें पारखणें, चूक नेमकी कोठें आहे तें शोधणें, यांची गरज यंत्र हुशार झाल्यानें वाढतेच. कासवाला चौकोन काढावयास लावणारें मूल हेंच शिकत होतें.

भारतासहि हा प्रश्न परका नाहीं. १९८४ सालीं केंद्र सरकारनें 'क्लास' नांवाची योजना काढून सुमारें २५० शाळांत 'बीबीसी मायक्रो' हे संगणक देण्यास आरंभ केला होता. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें उच्च प्राथमिक टप्प्यापासून आज्ञावलीलेखनाचे उपक्रम सुचविले आहेत. शिफारशीपासून वर्गापर्यंतचें अंतर कापावयास अमेरिकेस तेहतीस वर्षें लागलीं. त्यांतील बरींचशीं यंत्रांवांचून गेलीं नाहींत, शिक्षकांवांचून गेलीं. नियम एका बैठकींत मंजूर होतो. फळ्यासमोर उभें राहून मुलाला त्याची चूक त्याच्याकडूनच शोधवून घेणारा शिक्षक घडावयास वर्षें लागतात. अटीची तारीख ठरविण्यापूर्वीं त्या वर्षांची तरतूद ज्यांनीं केली, त्यांच्याच शाळांतील दाखल्याला कांहीं अर्थ राहील.