सुरतेचे मेहेताजी आणि चीनचे आचार्य

महाराष्ट्रातील धर्मसुधारणेचा इतिहास सांगताना आपण बहुधा मुंबईच्या परमहंस सभेपासून आरंभ करतो. ही सभा १८४९ च्या सुमारास निघाली. परंतु तिचे मूळ शोधू गेल्यास सुरतेस जावे लागते, आणि तेथे आपणांस भेटतात ते शास्त्री किंवा सरदार नव्हेत, तर शाळामास्तर.

२२ जून १८४४ रोजी सुरतेत मानवधर्म सभा स्थापन झाली. तिचे धुरीण दोघे : सरकारी गुजराती शाळेचे मेहेताजी दुर्गाराम मंछाराम, आणि तेथील इंग्रजी शाळेवर काम करणारे दादोबा पांडुरंग तर्खडकर. दोघेही पगारी नोकर. दुर्गारामांनी याआधीच, १८४२ साली, स्नेह्यांसह पुस्तक प्रसारक मंडळी काढून शिळाछापाची सोय केली होती. सभेत भूतपिशाच, मंत्रतंत्र, जातिभेद, विधवांचा पुनर्विवाह असे विषय उघडपणे चर्चिले जात. जादूगारांस तर सर्वांसमक्ष आव्हान देण्यात आले. आपल्या विद्येचा प्रत्यय दाखवा, एवढीच मागणी होती. शाळेत मुलाला गणिताचा ताळा करून दाखवावयास सांगणाऱ्या शिक्षकाला ती सहज सुचली असावी.

तत्त्वचिंतन आणि अध्यापन यांचा असा संगम म्हटला की चीनचे स्मरण होते. तेथे कन्फ्यूशियसपासून विचारवंत हा प्रथम गुरू असे. त्याची वचने शिष्यांनी टिपून ठेवलेल्या संभाषणांतूनच पुढे आली. बाराव्या शतकातील चू शी याने जिल्ह्याचा अधिकारी असताना, ११७९ नंतर, श्वेतमृग-गुहा नावाचे मोडकळीस आलेले विद्यागृह पुन्हा उभे केले आणि विद्येचा हेतू अधिकारपद मिळविणे हा नसून आत्मसंस्कार हा होय, असा दंडक तेथे घालून दिला. दरबाराने त्याची शिकवण खोटी ठरविली, व १२०० साली तो राजरोषातच वारला. पुढे १३१३ मध्ये मात्र त्याच्याच टीका राजपरीक्षेस प्रमाण ठरल्या, आणि १९०५ साली परीक्षापद्धती बंद होईपर्यंत त्या पाठ करून लोक अधिकारी होत राहिले. ज्याने पदासाठी शिकू नका म्हटले, त्याचाच ग्रंथ पदाची किल्ली झाला! परीक्षकांना वचनांचे गुण देता येतात, शंकेचे देता येत नाहीत.

सुरतेच्या सभेवर असा प्रसंग आला नाही. तिच्या वाट्याला उलट दैव आले. तिला नेमलेला ग्रंथ नव्हता, विद्यागृह नव्हते, दानपत्र नव्हते. १८४६ साली दादोबा मुंबईस शिक्षक तयार करण्याच्या वर्गावर गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटकडे गेले, आणि सभा विरून गेली. बदलीच्या हुकुमाने एक विचारपीठ बंद पडले, असे म्हणण्यास हरकत नाही.

मुंबईत दादोबांच्या प्रेरणेने जी परमहंस सभा झाली, ती गुप्त होती. ख्रिस्त्याने भाजलेला पाव खाऊन सभासद आत येत. पण दाराबाहेर कोणी बोलत नसे. १८६० साली सभासदांची यादी चोरीस जाताच ती मोडली. सुरतेस चारचौघांत जे बोलले जात होते, ते मोठ्या शहरात कुजबुजीवर यावे, याचे कारण मला तरी जातीच्या धाकात दिसते. पण तेवढ्याने सारा उलगडा होतो असे नाही.

दादोबांच्या स्वतःच्या दोन ग्रंथांकडे पाहावे. १८३६ चे ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ त्यांच्या नावाने शाळांतून गाजले. सुरतेतील चिंतनाचे फळ असलेले ‘धर्मविवेचन’ १८६८ साली छापले गेले ते ‘एक जगद्वासी आर्य’ या नावाने. शिक्षक म्हणून केलेले काम स्वनामाने, विचारक म्हणून केलेले टोपणनावाने.

दुर्गारामांनी सभेची हकीकत लिहून ठेवली होती. तिच्या आधाराने महीपतराम रूपराम यांनी १८७९ साली त्यांचे गुजराती चरित्र प्रसिद्ध केले. दादोबांच्या तोंडची सुरतेतील चर्चा त्यात सापडते. मराठी अभ्यासकाने दादोबांच्या आत्मचरित्राबरोबर तेही मुळातून वाचावयास हवे. लिपीची अडचण आठ दिवसांची आहे.