यंत्राचा इशारा, माणसाचा निर्णय

युद्ध म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तोफा, रणगाडे व विमाने उभी राहतात. परंतु गेल्या दीड दशकात डोळ्यांना न दिसणारे एक शस्त्र रणांगणावर दाखल झाले आहे. ते म्हणजे संगणकाची आज्ञावली.

जून २०१० मध्ये 'स्टक्सनेट' नावाचा संगणकीय विषाणू उघडकीस आला. इराणमधील नतान्झ येथील अणुकेंद्रात युरेनियमचे संवर्धन करणाऱ्या यंत्रांचा वेग त्याने गुपचूप बदलला आणि देखरेखीच्या पडद्यावर मात्र सारे ठीक असल्याचे दाखविले. सुमारे एक हजार यंत्रे निकामी झाल्याचा अंदाज आहे. हे काम अमेरिका व इस्रायल यांचे असे मानले जाते. पण दोघांनीही अधिकृत कबुली दिलेली नाही. तोफ डागणारा निदान दिसतो. येथे तोही दिसत नाही.

पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी, रशियन फौजा युक्रेनमध्ये शिरण्याच्या सुमारे तासभर आधी, व्हायासॅट कंपनीच्या उपग्रहसेवेची हजारो मोडेम बंद पाडण्यात आली. नेम युक्रेनवर होता. परंतु जर्मनीतील सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचा दूरसंपर्कही तुटला.

येथवर यंत्र माणसाची आज्ञा पाळत होते. आता ते माणसाला लक्ष्य दाखवू लागले आहे. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने 'प्रोजेक्ट मेवन' सुरू केला. ड्रोनने टिपलेल्या चित्रफिती पाहण्यास माणसे अपुरी पडत होती. म्हणून त्यांतील वाहने व माणसे ओळखण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे देण्याचे ठरले. ही विद्या सरकारी शस्त्रशाळांत नव्हती, खाजगी कंपन्यांकडे होती. गूगलने काम घेतले. २०१८ मध्ये तिच्याच तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी निषेधपत्रावर सह्या केल्या; काहींनी नोकरी सोडली. जूनमध्ये कंपनीने करार न वाढविण्याचे जाहीर केले व शस्त्रांसाठी ही विद्या न वापरण्याचे वचन दिले. पण काम थांबले नाही. मे २०२४ मध्ये पॅलंटिर कंपनीला मेवनचे ४८ कोटी डॉलरांचे कंत्राट मिळाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये गूगलने आपले ते वचनही काढून टाकले.

मग एका माणसाच्या 'नाही'ला किंमत उरली काय? याचे उत्तर थोड्या जुन्या इतिहासात आहे. २६ सप्टेंबर १९८३ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, सोव्हिएत अधिकारी स्टानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरील यंत्रणेने अमेरिकेची पाच क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला. खरा हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कोण करील, असा विचार करून त्यांनी इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळविले. ते खरे ठरले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

वाचकहो, आपली मुले-मुली आज संगणकशास्त्राकडे वळत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. गणित व विज्ञानाबरोबर त्यांना हा इतिहासही शिकवू या. उद्या त्यांच्यापैकी कोणी अशाच पडद्यापुढे बसेल, तेव्हा यंत्राच्या इशाऱ्यावर शंका घेण्याचे धैर्य त्याच्या अंगी असले पाहिजे.